आपले म्हणणे पटवावे कसे?

(वर्षावासानिमित्त विहारात दिलेले प्रवचन)



आषाढ पौर्णिमेला सुरू झालेला वर्षावास आता निम्म्यावर आला आहे. दर रविवारी आपण येथे जमतो, त्रिसरण-पंचशील ग्रहण करतो, धम्मवाचन करतो आणि घरी जातो. सोमवारी सकाळी आपल्यापैकी बहुतेकजण कारखान्यात, कचेरीत, शाळेत, दवाखान्यात कामावर हजर होतात. रविवारचा तासाभराचा धम्म सोमवारच्या आठ तासांत आपल्याबरोबर असतो, की विहाराच्या दाराशीच थांबतो? हा प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

हा प्रश्न मला सुचला तो आपल्याच एका तरुण उपासकामुळे. त्याचे नाव मी सांगणार नाही. त्याच्या कारखान्याचे नावही सांगणार नाही. त्याच्या संमतीनेच ही हकीकत सांगत आहे. तो एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला आहे. शिकलेला आहे, हुशार आहे, आईवडिलांनी मजुरी करून त्याला शिकविले आहे. दोन महिन्यांपूर्वी तो विहारात आला आणि वंदना झाल्यावर एका बाजूला बसून राहिला. मी विचारले, "काय रे, आज गप्प का?" तो म्हणाला, "काका, आपण कितीही खरे सांगितले तरी आपले कोणी ऐकत नाही. उद्यापासून मी तोंड उघडणार नाही. सही करायची आणि घरी यायचे."

त्याची तक्रार अशी होती. त्याच्या स्टोअरमधील नोंदवहीत बेअरिंग बारा असत आणि फळीवर मात्र सात. ऐन वेळी माल मिळत नसे, मशीन बंद पडून राही. त्याने विचार केला, सगळी नोंद संगणकावर घ्यावी आणि लेखी स्लिपेशिवाय एकही वस्तू बाहेर जाऊ देऊ नये. सूचना चांगली होती. त्याने ती साहेबांसमोर भरल्या बैठकीत मांडली. मांडताना म्हणाला, "वीस वर्षे येथे चुकीचे काम चालले आहे." ज्यांनी ही वीस वर्षे ते स्टोअर सांभाळले, ते ज्येष्ठ कारकून शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांचा चेहरा उतरला. फोरमन म्हणाला, "हे चालणार नाही." साहेब म्हणाले, "पुढे पाहू." रात्री या मुलाने रागाच्या भरात खात्याच्या मोबाईल-गटात सगळ्या चुकांची यादीच टाकली. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी अण्णा कोणाला तरी म्हणाले, "सवलतीवाले आता आम्हाला शिकवणार!" ते शब्द याच्या कानावर पडले.

बंधूंनो, यात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एक, त्याची सूचना नाकारली गेली. दोन, त्याचा जातीवरून अपमान झाला. या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्याशिवाय मार्ग सापडणार नाही. सूचना नाकारली जाणे हे कोणाच्याही वाट्याला येते. जातीवरून केलेला अपमान हा अन्याय आहे आणि त्याची दाद मागण्याचा अधिकार आपल्याला संविधानाने दिला आहे. पण प्रत्येक नकाराला जातीचे कारण मानले तर आपण आपल्या चुका पाहावयाचे विसरतो. आणि प्रत्येक अपमान गिळला तर आपण आपले माणूसपण विसरतो. दोन्ही टोके सोडावयाची. मध्यम मार्ग तो हाच.

आता पहिल्या गोष्टीचा विचार करू. आपले म्हणणे दुसऱ्याला पटवावयाचे तर धम्म काय सांगतो?

अभय नावाचा राजपुत्र तथागतांकडे कोड्यात पकडण्यासाठी एक प्रश्न घेऊन आला होता. दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे वचन तथागत बोलतात काय, असा तो प्रश्न. हो म्हटले तरी अडचण, नाही म्हटले तरी अडचण. अभयाच्या मांडीवर त्याचे तान्हे मूल होते. तथागतांनी विचारले की, या बाळाने तोंडात खडा घातला तर तू काय करशील? अभय म्हणाला, रक्त आले तरी बोट घालून मी तो खडा काढीन, कारण मला या बाळाची करुणा आहे. मग तथागतांनी त्याला समजाविले. जे खोटे आहे ते ते बोलत नाहीत. जे खरे आहे पण निरुपयोगी आहे तेही बोलत नाहीत. आणि जे खरे व हिताचे आहे, ते ऐकणाऱ्याला प्रिय असो वा अप्रिय, योग्य वेळ पाहून बोलतात.

नीट ध्यानात घ्या. खरे असणे एवढेच पुरेसे नाही. आमच्या या तरुणाचे म्हणणे खरे होते, हिताचेही होते. पण वेळ चुकली. भरल्या बैठकीत, साहेबांसमोर, ज्येष्ठ माणसाच्या वीस वर्षांच्या कामाला त्याने चुकीचे म्हटले. खडा काढण्यासाठी बोट घालावे लागते हे खरे, पण बोट घालणाऱ्याच्या मनात करुणा हवी. त्याच्या मनात त्या वेळी करुणा होती की आपली हुशारी दाखविण्याची हौस होती, हे त्याने स्वतःला विचारावे, असे मी त्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, हौस होती."

विनयामध्ये दुसऱ्याचा दोष सांगू इच्छिणाऱ्या भिक्खूसाठी पाच गोष्टी सांगितल्या आहेत. योग्य वेळी बोलावे. खरे बोलावे. मृदू बोलावे. हिताचे बोलावे. मैत्रीचित्ताने बोलावे. एवढेच नव्हे, तर ज्याचा दोष सांगावयाचा त्याच्याकडून आधी परवानगी घ्यावी. त्याला ओकास म्हणतात. ओकास म्हणजे अवकाश. "आपल्याशी जरा बोलावयाचे आहे, बोलू का?" एवढा एक प्रश्न. पंचवीस शतकांपूर्वीचा हा नियम आणि आजचा मोबाईल-गट शेजारी ठेवून पाहा. गटावर टाकलेल्या चुकांच्या यादीला ओकास नसतो, वेळ नसते आणि बहुधा मैत्रीही नसते.

दुसरी गोष्ट. ऐकणाऱ्याच्या जगातून बोलावे. सोण कोळिविस हा श्रीमंत घरातला, कोवळ्या पायांचा तरुण भिक्खू झाला. चालून चालून त्याचे पाय फुटले, रक्त आले, आणि तो निराश होऊन घरी परत जाण्याचा विचार करू लागला. तथागतांनी त्याला लांबलचक उपदेश केला नाही. गृहस्थ असताना सोण वीणा उत्तम वाजवीत असे. तथागतांनी त्याला वीणेबद्दलच विचारले. तारा फार ताणल्या तर वीणा वाजते काय? फार सैल सोडल्या तर वाजते काय? उत्तर सोणानेच दिले, आणि ते उत्तरच त्याचा मार्ग झाले. जे त्याला आधीपासून ठाऊक होते त्यातूनच त्याला नवे ते पटले.

सिगालाचेही तसेच. तो वडिलांच्या शब्दाखातर भल्या सकाळी ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करीत होता. तथागतांनी त्याची थट्टा केली नाही. सहा दिशा त्यांनी तशाच ठेवल्या आणि त्यांचा अर्थ बदलला: आईवडील, गुरू, पत्नी-मुले, मित्र, सेवक व श्रमण. त्याच उपदेशात मालकाने सेवकाला झेपेल एवढेच काम द्यावे, वेतन व अन्न द्यावे, आजारपणात त्याची शुश्रूषा करावी आणि वेळेवर सुटी द्यावी, असेही सांगितले आहे. एका भाबड्या मुलाच्या दिशापूजनातून कामगारांच्या हक्कांपर्यंत तथागत पोचले. सिगालाचा अपमान करून ते पोचले असते काय?

तिसरी गोष्ट. एकदा नकार मिळाला म्हणजे दार बंद झाले असे समजू नये. पण तेच तेच म्हणत राहू नये. महाप्रजापती गोतमीने स्त्रियांच्या प्रव्रज्येसाठी तीन वेळा विनंती केली आणि तीन वेळा नकार मिळाला. मग केस कापून, काषायवस्त्रे घालून, पायी चालत ती वेसालीला आली. पाय सुजले होते, अंगावर धूळ होती. तिची ती अवस्था पाहून आनंदाने तिच्या वतीने तीन वेळा विनंती केली. पुन्हा नकार. तेव्हा आनंदाने विचार केला की, दुसऱ्या रीतीने विचारावे. त्याने विचारले की, स्त्रिया धम्माच्या मार्गाने अर्हतपदापर्यंत पोचू शकतात काय? तथागत म्हणाले, पोचू शकतात. मग आनंदाने गोतमीने मातेसारखे केलेले संगोपन आठवून दिले आणि पुन्हा विनंती केली. संमती मिळाली. आनंदाने मागणी बदलली नाही. त्याने आधी असे तत्त्व शोधले, जे दोघांनाही मान्य होते, आणि मागणी त्या तत्त्वावर उभी केली.

मी आमच्या तरुणाला विचारले, "तुला आणि अण्णांना, दोघांनाही मान्य आहे असे काय आहे?" तो म्हणाला, "मशीन बंद पडू नये, हे दोघांनाही वाटते." मी म्हटले, "मग तेथून सुरुवात कर. संगणकापासून करू नकोस."

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे. 'माझे मत' यातला 'माझे' सोडावा लागतो. उपादाने चार सांगितली आहेत आणि त्यांत एक दृष्टी-उपादान आहे, म्हणजे मताला चिकटणे. घर, पैसा, मान यांची आसक्ती आपल्याला दिसते. मताची आसक्ती दिसत नाही, कारण ती शहाणपणाचा वेष घेऊन येते. तथागतांनी आपल्या धम्मालासुद्धा तराफ्याची उपमा दिली. तराफा नदी ओलांडण्यासाठी आहे, डोक्यावर घेऊन फिरण्यासाठी नाही. जेथे खुद्द धम्म तराफा, तेथे आपली स्टोअरची योजना काय मोठी?

मताला चिकटल्याने काय होते ते कोसंबीला दिसले. शौचकूपात भांड्यात थोडे पाणी उरले, एवढ्या क्षुल्लक गोष्टीवरून वाद सुरू झाला, अशी हकीकत अट्ठकथेत आहे. एक बाजू म्हणाली दोष आहे, दुसरी म्हणाली नाही. दोन्हीकडे विद्वान भिक्खू, दोन्हीकडे शिष्य. संघ दुभंगला. तथागतांनी समजाविले तरी ऐकेनात. तेव्हा ते त्यांना सोडून पारिलेय्यक वनात निघून गेले. मग लोकांनी त्या भांडखोर भिक्खूंना मान देणे व भिक्षा घालणे बंद केले, तेव्हा ते ताळ्यावर आले. वाद भांडेभर पाण्याचाही नव्हता. 'मी बरोबर' याचाच होता. आपल्या कचेऱ्यांतले, आणि स्पष्टच बोलावयाचे तर आपल्या संघटनांतले किती वाद अशा भांडेभर पाण्याचे आहेत, ते ज्याचे त्याने मोजावे.

बंधूंनो, संघाने या रोगावर औषधही शोधले होते. संघात कोणताही महत्त्वाचा निर्णय घ्यावयाचा तर आधी प्रस्ताव मांडला जाई. त्याला ञत्ती म्हणत. मग तो एकदा, आणि मोठा विषय असेल तर तीनदा, जाहीर केला जाई. ज्याला मान्य असेल त्याने मौन राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. आजारी भिक्खू आपली संमती दुसऱ्याकरवी पाठवू शके. मतभेद मिटला नाही तर शलाका वाटून बहुमत पाहिले जाई, आणि शलाका वाटणारा असा निवडावयाचा की जो छंद, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी जात नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत या गोष्टीची आठवण देशाला करून दिली. संसदीय कामकाजाचे नियम भारताला परके नाहीत, बौद्ध संघाला ते ठाऊक होते, असे त्यांनी सांगितले.

त्याच भाषणात बाबासाहेबांनी एक हिशेबही दिला. संविधानाच्या मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या सुचविल्या गेल्या. त्यांपैकी 2,473 सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. विचार करा, एवढ्या विद्वान माणसाच्या मसुद्यावर एवढ्या दुरुस्त्या! मसुदा समितीच्या वतीने ते उत्तरे देत राहिले. जे योग्य वाटले ते स्वीकारले, जे अयोग्य वाटले ते कारण देऊन नाकारले. आपल्या सूचनेत कोणी एक शब्द बदलावयास सांगितला तर आपला जेवणावरचा घास उतरत नाही. आपण स्वतःला भीमाचे अनुयायी म्हणवितो ना?

कामाच्या जागेविषयीही बाबासाहेबांचा धडा आहे. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी एका टेबलाभोवती बसून प्रश्न सोडवावेत, ही त्रिपक्षीय परिषदेची रीत त्या काळात रुजली. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होणार, तो निर्णयाच्या वेळी हजर असावा, हा तिचा अर्थ. आमच्या तरुणाने रात्रपाळीचा नियम केला तो रात्रपाळीच्या एकाही माणसाला न विचारता. नियम कागदावर बरोबर होता. पण ज्यांनी तो पाळावयाचा, ते बैठकीत नव्हते.

येथे कोणी म्हणेल, "काका, मृदू बोला, संमती घ्या, दुरुस्ती स्वीकारा, ही तर लाचारी झाली!" नाही. मृदू वाणी आणि लाचारी यांत फरक आहे. लाचार माणूस सत्य सोडतो आणि खुर्ची धरतो. हिंदू कोड बिल पटवून देण्यासाठी बाबासाहेबांनी वर्षानुवर्षे युक्तिवाद केला, दुरुस्त्या ऐकल्या, धर्मशास्त्रांचे आधार दिले. पण बिलाची वाट रोखली गेली तेव्हा 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे 1955 व 1956 मध्ये त्या बिलातील मुख्य भाग चार वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले. ज्यांनी पदरात नकार टाकला, त्यांनाच पुढे त्या मार्गाने जावे लागले. सत्य नीट मांडून ठेवले म्हणजे ते आपल्या गैरहजेरीतही काम करीत राहते.

आणि पटविण्यात घाई नको, हाही धडा आपल्याच इतिहासात आहे. उपाली गृहपती तथागतांशी वाद करावयास आला आणि त्यांचे म्हणणे पटून अनुयायी व्हावयास निघाला. तथागत म्हणाले, नीट तपासून पाहा; तुझ्यासारख्या मान्यवराने विचार करूनच पाऊल टाकावे. इतकेच नव्हे, पूर्वी ज्या निगंठांना तो दान देत होता, ते दान बंद करू नकोस, असेही सांगितले. बाबासाहेबांनीही तेच केले. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. 1936 च्या मे महिन्यात मुंबईच्या परिषदेत त्यांनी धर्मांतराची कारणे एकेक करून लोकांपुढे ठेवली आणि निर्णय विचारपूर्वक घ्यावयास सांगितले. आणि दीक्षा झाली ती 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला. मध्ये एकवीस वर्षे गेली. लाखो लोकांचे मन वळविणारा पुरुष एकवीस वर्षे थांबू शकतो, आणि आपण एका बैठकीत हार मानतो!

आता त्या तरुणाचे पुढे काय झाले ते सांगतो आणि संपवितो.

तो दोन रात्री स्वतःची पाळी नसताना कारखान्यात थांबला. तेव्हा त्याला कळले की रात्री स्टोअरला कुलूप असते आणि किल्ली ज्या सुपरवायझरकडे असते तो पार दुसऱ्या टोकाला असतो. मशीन बंद पडले की फिटरला बोलणी बसतात. म्हणून प्रत्येक फिटर दिवसा दोन-चार बेअरिंग जास्तीचे नेऊन आपल्या पेटीत ठेवीत असे. हिशेब चुकण्याचे कारण चोरी नव्हते, आळसही नव्हता; भीती होते. त्याच्या नव्या नियमाने ही भीती वाढलीच असती.

मग तो अण्णांकडे गेला. एकटा गेला. "अण्णा, जरा बोलावयाचे आहे, बसू का?" असे विचारून बसला. आधी म्हणाला, "त्या दिवशी बैठकीत मी तुमच्या वीस वर्षांबद्दल बोललो, ते चुकले." मग म्हणाला, "आणि चहाच्या वेळी तुम्ही जे बोललात, ते मला लागले. मी परीक्षा देऊन येथे आलो आहे. ते शब्द पुन्हा ऐकू आले तर मी लेखी तक्रार करीन. पण आज मी त्यासाठी आलो नाही. रात्रपाळीच्या अडचणीसाठी आलो आहे." अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी माफी मागितली नाही. पण रात्रपाळीची हकीकत ऐकून घेतली, आणि शेवटी म्हणाले, "पूर्वी आमच्याकडे पितळी बिल्ले होते." प्रत्येक फिटरचा नंबर कोरलेला बिल्ला. वस्तू उचलली की त्या जागी बिल्ला अडकवावयाचा, सकाळी स्लिप लिहून बिल्ला परत घ्यावयाचा. ती जुनी पेटी अजून माळ्यावर पडून होती.

आज तेथे रात्रीसाठी नेहमी लागणाऱ्या दहा वस्तूंचे एक छोटे कपाट आहे, मशीनजवळच आहे. बिल्ले अण्णांचे, सकाळची नोंद संगणकावर, आणि ती नोंद हा मुलगा करतो. साहेबांनी एक महिना प्रयोग म्हणून परवानगी दिली होती. महिना उलटला तरी कोणी कपाट हलविले नाही. फिटरांनी आपल्या पेट्यांतील जास्तीचा माल हळूहळू परत आणून दिला. कारखान्यात या पद्धतीला 'अण्णांचे कपाट' म्हणतात.

मी त्याला विचारले, "तुझे नाव कोठेच नाही, वाईट वाटते काय?" तो म्हणाला, "पहिल्या आठवड्यात वाटले. आता रात्री मशीन बंद पडत नाही, ते बरे वाटते." आणि ते शब्द? ते त्याला पुन्हा ऐकू आले नाहीत. ऐकू आले असते तर त्याने तक्रार केली असती, आणि हा विहार त्याच्या पाठीशी उभा राहिला असता, हे मी येथे सर्वांसमोर सांगून ठेवतो.

उपासक-उपासिकांनो, उद्या कामावर जाताना पाच प्रश्न बरोबर न्या. मी जे बोलणार आहे ते खरे आहे काय? ते सर्वांच्या हिताचे आहे काय? ही योग्य वेळ आहे काय? शब्द मृदू आहेत काय? आणि माझ्या मनात त्या माणसाविषयी मैत्री आहे काय? पाचांचे उत्तर हो आले तर निर्भयपणे बोला. समोर साहेब असो वा शिपाई. एकाचेही उत्तर नाही आले तर थोडे थांबा, तेवढे दुरुस्त करा, आणि मग बोला. पण गप्प बसू नका. ज्या समाजाला शतकानुशतके बोलूच दिले गेले नाही, त्याच्या मुलांनी नोकरी मिळाल्यावर स्वतःहून मौन धरावे, यासाठी बाबासाहेबांनी आयुष्य वेचले नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!